पूजा झालेली चाकं

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, अनुजा! बोल गं… छे, झोपलेय कसली, सकाळचे नऊ वाजून गेले इथे. वाल सोलत बसलेय… थांब, हात ओले आहेत, स्पीकरवर टाकते.

अहो, ते भजन जरा बारीक करा! कॅनडातनं सूनबाईंचा फोन आहे!

हां, बोल. मनवा जेवली?… आणि सुशांत?… खाली गॅरेजमध्ये? रात्रीचं गॅरेजमध्ये काय करतो?… काय पुसतो?… बरं, पुसू दे. नवीन गाडी आहे, हौस आहे.

काय?… मी सांगू त्याला? काय सांगू?

टायर?… अगं, पण आत्ता तर घेतलीत ना गाडी? ती काळी, एवढी मोठी, चढायला पायरी लागते ती? तिला टायर नाहीत?

आहेत ना! मग?

थंडीचे टायर… म्हणजे? टायरला थंडी वाजते?… अगं हसू नकोस, मला खरंच कळत नाही. आमच्या लालबागला बारा महिने एकच टायर. असं असतं तर पावसाळ्याचे वेगळे आणि शिमग्याचे वेगळे घ्यावे लागले असते.

नाही नाही, सांग, ऐकतेय मी.

हो… हो… रबर कडक होतं… मग?… पकडत नाही रस्ता… अगं, पण त्या गाडीत बसायची सीट गरम होते ना? सुशांतने मला व्हिडिओवर दाखवली होती, बटण दाबलं की शेकायला लागते. मग सीट गरम होते आणि टायर नाही होत? एवढे पैसे घेऊन… नको, मला आकडा सांगू नकोस, मग मला दिवसभर सुचत नाही.

अहो, ती म्हणते थंडीत टायर कडक होतात… काय?… अगं, हे म्हणतायत दुकानदाराने टोपी घातली तुम्हाला… हो, मी पण तेच म्हणत होते आधी… नाही? सगळेच बदलतात तिकडे? शेजारीपाजारी पण?

थांब, थांब. म्हणजे आपलं खोबरेल तेल डिसेंबरात बाटलीत गोठतं, तसं?… हां! मग असं सांग ना! बाटली उलटी केली तरी हलत नाही ते. कळलं. मग हे थंडीचे टायर म्हणजे न गोठणारं तेल… बरं, टायर. टायर.

आणि आत्ता लावलेत ते?… बारमाही? मग बारमाहीत थंडी येत नाही?… नावाला बारमाही. बरं. आणि सुशांत म्हणतो चारही चाकं एकदम ओढतात म्हणून चालेल… ओढतात पण थांबत नाहीत… अनुजा, माझं डोकं गरगरायला लागलं. ओढतात ते चांगलं की वाईट?… दोन्ही. बरं.

मग काढलेले ठेवायचे कुठे? चार टायर? इथे ठेवले असते तर आम्ही दोघं गॅलरीत झोपलो असतो… हां, गॅरेज आहे तुमच्याकडे. आणि उन्हाळ्यात परत तेच लावायचे? दर वर्षी काढा, घाला? अगं, हे म्हणजे मुलांचे स्वेटर झाले.

ते असू दे. पण हे तू मला का सांगतेस? सुशांतला सांग. गाडी त्याची, टायर त्याचे.

सांगितलंस… मग?… काय म्हणाला?

मी?!

मी कधी नाही म्हटलं? मला आत्ता पाच मिनिटांपूर्वी कळलं असे टायर असतात म्हणून! अहो, ऐकलंत? सुशांत म्हणतो आईने नको म्हणून सांगितलंय!

कधी?… दसऱ्याला?… अगं, दसऱ्याला तर आपण पूजा केली गाडीची. मी इथनं फोनवर सांगत होते आणि तो तिथे करत होता. ती पिवळी मोठी लिंबं ठेवली चाकाखाली, आपली हिरवी मिळाली नाहीत म्हणून. नारळ फुटता फुटेना. आपट्याची पानं नव्हती तर तू तिथल्या झाडाची लाल पानं सोनं म्हणून वाटलीस. सगळं आठवतं मला. टायरचं कोण बोललं त्यात?

काय?… काय म्हणाले मी?

"पूजा झालेली चाकं वर्षभर काढायची नाहीत."

…

अगं हो. हो गं. म्हटलं खरं.

पण ते वेगळ्यासाठी! तो मेला मला विचारत होता, आई, चकचकीत चाकं बसवू का, आरशासारखी, माझ्या मित्राने बसवलीत. मी म्हटलं हा आता आणखी खर्चात पडणार. म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेले… नाही गं, असं कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे मला तरी माहीत नाही… अहो, पूजेची चाकं वर्षभर काढायची नाहीत असं काही असतं का हो?… हे म्हणतायत, त्यांच्या गिरणीत खंडेनवमीला यंत्राला हात लावायचा नाही, पण दसऱ्याला पट्टा सुरू. वर्षभर नाही.

मग झालं तर… पण अनुजा, आता मला कसंतरीच वाटतं. बोलले ते बोलले ना. पूजेच्या वेळी, दिवा लावलेला असताना बोलले. आता काढा म्हटलं आणि काही झालं तर? आणि काढू नका म्हटलं आणि काही झालं तर?… तू हसतेस. तुम्हाला सोपं आहे. मला काय करावं तेच कळेना झालंय.

थोडे दिवस हळू चालवा ना. नाहीतर तू बसने जा. बस असेल की… अगं ऐक ना, एवढा हिवाळा काढा, पुढच्या दसऱ्याला मी स्वतः सांगेन की…

काय झालं?… अनुजा?… रडतेस का?

सांग. काय झालं ते सांग.

… हो… मनवाला शाळेत सोडायला… उतारावर… ब्रेक दाबलास… थांबलीच नाही?… आडवी?… अगं आई गं. सिग्नल ओलांडून?… समोरनं काही येत नव्हतं ना?… आणि मनवा? मागेच बसलेली?… काही लागलं नाही ना? खरं सांग. माझी शपथ आहे… बरं. बरं. तुला?… नाही ना? बरं.

कधी झालं हे?… आज सकाळी?… आणि सुशांत काय म्हणाला?

सांगितलंच नाहीस? का?… "तुलाच चालवता येत नाही" म्हणेल म्हणून. हं. म्हणेल. ह्यांच्यावरच गेलाय तो… तुम्ही वाचा पेपर, तुमचं नाही चाललेलं.

अनुजा, ऐक माझं. खाली जा. मनवाला घे कडेवर आणि जा. त्याला सांग… नाही, मी नाही सांगणार. तू सांग. मी फोन ठेवत नाही. काही बोलला तर मी आहे इथे. जा.

…

अहो, गाडी घसरली. पोरगी आत होती… नाही, काही झालं नाही. देवाने राखलं. माझ्या जिभेला काही हाड आहे का बघा! चकचकीत चाकं नको म्हणायचं सोडून कायदा करून बसले.

… हॅलो?… सांगितलंस?… काय म्हणाला?… टायराजवळ खाली बसलाय? दे त्याला.

सुशांत… हां, आईच… रडतोस की काय?… सर्दी. बरं, सर्दी.

अरे, तुला अक्कल आहे की नाही? एवढा शिकलास, तिकडे जाऊन मोठा साहेब झालास, आणि आईच्या एका वाक्यावर चाकं धरून बसलास? इथे होतास तेव्हा एक शब्द ऐकला नाहीस माझा. दहावीला अभ्यास कर म्हटलं तर ऐकलंस? आणि ऐकायला नेमकं हेच सापडलं?

काय?… मोठ्याने बोल, आवाज घुमतोय तिथे.

… "तुझ्या हातचं या घरात एवढंच आहे."

…

अरे वेड्या. माझा हात कुठे लागलाय त्याला? मी इथे पलंगावर बसून बोलत होते. कुंकू तू लावलंस, लिंबं तू ठेवलीस… तरी पण? बरं. बरं वाटलं रे ऐकून, खोटं कशाला बोलू. पण माझ्यापायी पोरीला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? उद्याच्या उद्या टायर घ्यायचे.

पूजेचं काय म्हणजे?… हो रे, माझ्या पण मनात तेच आहे. थांब, विचार करू दे.

…

सुशांत, विसर्जनाच्या दिवशी आपण काय करतो? गणपती तसाच उचलतो का? उत्तरपूजा करतो. अक्षता टाकायच्या, हातावर दही ठेवायचं, मूर्ती जागेवरनं जराशी हलवायची. मग न्यायला मोकळे. देवाला चालतं, तुझ्या टायरला चालणार नाही?… अहो, बरोबर ना?… बाबा मान डोलवतायत. झालं तर.

तांदूळ आण… बासमती चालेल. कुंकू आहे?… आणि दही… काय? ब्लूबेरीचं? शी, जांभळं दिसेल ते… दुसरं नाहीच? बरं, असू दे. काठावरचं पांढरं घे.

आधी काही तरी डोक्यात घाल, कान झाक… हां. चारी चाकांना अक्षता वाहा. मनवाच्या हातनं वाहा… दह्याचा ठिपका लाव एकेकाला… लावला? आता हलव… अरे, गाडी सुरू नको करूस! हाताने ढकल… हलत नाही? एवढी जड?… टेकू दे हात, हलली म्हणायचं. आता मनातल्या मनात सांग, चूकभूल पोटात घाला, थंडी संपली की परत या… हो, एप्रिलमध्ये. आपण काही टाकून नाही देत त्यांना.

झालं? आता अनुजाला जवळ घे. "चालवता येत नाही" वगैरे काढलंस ना तोंडातनं, तर बघ… हां.

कोण ओरडतंय मागे?… मनवा? काय म्हणते?… परत सांग गं बाय, आजीला ऐकू आलं नाही…

"पुढच्या वर्षी लवकर या"!

अगो माझे बाय! कोणी शिकवलं?… व्हिडिओत आमची मिरवणूक बघून? अहो, ऐकलंत? टायरांना मोरया म्हणतेय!

… हसतेय गं. रडत नाहीये. वालाचं पाणी उडालं डोळ्यात.

मनवा, ऐक. टायर येतील आपसूक एप्रिलला, त्यांना काय सांगतेस? ते तुझ्या बापाला सांग. पाच वर्षं झाली, घरच्या गणपतीला…

हॅलो?

हॅलो, सुशांत?… हॅलो?

अहो, कट झाला. त्याने ऐकलं का हो शेवटचं?