साहेबाने चोर म्हटलं ते पाणी

मेक्सिकोतल्या तेवाकान गावात तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानासमोर रांगेत उभा असलेला रुतिलिओ मागचं बोलणं ऐकत नव्हता. ते आपणहून त्याच्या कानात येऊन बसत होतं.

"एउलालियाबाई, जीन्स धुण्याच्या कारखान्याला टाळं लागणार म्हणे?"

"लागणारच होतं. तिथलं सांडपाणी साफ करणाऱ्या माझ्या नायेलीला सरकारी साहेब चोर म्हणाला, तोमासा!"

"अगंबाई! काय चोरलं तिनं?"

"तपासणीच्या बाटलीत सांडपाण्याऐवजी नळाचं पाणी भरलं म्हणे."

"भरलं होतं?"

"छे! लाकडावरच्या बुरशीचं एन्झाइम सोडते ना ती टाकीत. निळा रंग तर जातोच, त्यातलं विषही तुटतं."

"त्या बुरशीला मी हसले होते."

"गल्लीभर हसलीस. आज साहेबाने पाइपच्या तोंडाशी स्वतः बाटली भरली. तपासली, पुन्हा तपासली, आणि माझ्या पोरीसमोर टोपी काढली!"

"मग कारखाना?"

"चालू! तुझा नवराही उद्यापासून कामावर."

तोमासा बाजूला सरकली. "या, तुम्ही माझ्यापुढे उभ्या राहा."

"नको गं. मघाशी खिडकीपर्यंत पोचलेच होते, मुद्दाम मागे आले. आता पुन्हा शेवटी जाते. नव्या चौघी आल्यात, त्यांना कुठे माहीत आहे अजून!"