भारद्वाज आणि साहेबाचा कॅमेरा

फोटोचा विषय निघालाय म्हणून सांगतो. लढाईच्या काळात एक परदेशी साहेब पाखरांचे फोटो काढायला पळसदरीला आला होता. त्याने भारद्वाज कधी पाहिला नव्हता, आणि फिल्म एकाच फोटोपुरती उरली होती. साहेब, मी आणि माझे सासरे दोन तास करवंदीच्या जाळीमागे मुकाट बसलो. अखेर भारद्वाज समोर आला. साहेबाने कॅमेरा डोळ्याला लावला, तोच सासरे ताडकन उठले, पायताण काढून हात जोडून उभे राहिले. पाखरू उडालं. फोटोत सासऱ्यांची पाठ आली.

साहेब डोकं धरून बसला.

"मामा, जरा दम धरायचा हो!" मी वैतागून म्हणालो.

"जावई, भारद्वाज दिसल्यावर मागितलेलं मिळतं. साहेबाचा फोटू चांगला येऊ दे, हेच तर मागत व्हतो."