उस्तादांची थुंकी

सन्माननीय अध्यक्ष ल्याओसाहेब, व्यासपीठावरील नगरपालिकेचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती शू चिंगफा उस्ताद, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकू, आणि भट्टीपुढे घाम गाळलेल्या माझ्या जुन्या सोबत्यांनो,

मागे बसलेल्या नव्या मंडळींसाठी सांगतो. आपल्या चिंगदेचनमध्ये चिनीमातीची भांडी लाकडाच्या भट्टीत भाजायचे, तेव्हा उस्ताद झरोक्यातून आत थुंकायचे. थुंकी कशी उडते, किती लवकर विरते, हे बघून सांगायचे, 'अजून दोन तास', नाहीतर 'बस करा'. मी त्यांचा शिष्य. मला म्हणायचे, 'अरे, भट्टीत थुंक, माझ्या बुटावर नको.'

त्र्याण्णव साल आठवतंय ना? अख्खा देश घाईत होता. परदेशातून इतकी मागणी, की भाताचे वाडगे पुरेनात. मी नुकताच पाळीप्रमुख झालो होतो आणि माझ्या हातात नवं तापमापक होतं. उस्ताद थुंकून म्हणाले, 'अजून चार तास,' आणि जेवायला गेले. तापमापक म्हणत होतं, झालं. फाटकात ट्रक उभे होते. मी आग थांबवली.

भट्टी उघडली तर सगळे वाडगे मळकट, चमक म्हणून नाही. चौकशीला साहेब आले. मी तोंड उघडायच्या आत उस्ताद पुढे झाले. म्हणाले, 'माझी थुंकी चुकली.' बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, 'तुझं लग्न ठरलंय. गप्प बस.' मी गप्प बसलो.

ते वाक्य गावभर झालं. कुणाचा भात कच्चा राहिला तरी लोक म्हणायचे, 'शूची थुंकी चुकली वाटतं.' आपण हसलात, मीही हसलो. त्याच चौकशीनंतर गॅसच्या भट्ट्या आल्या आणि मी व्यवस्थापक झालो. गॅस आज ना उद्या येणारच होता. गावात पैसा आला, माझी मुलगी शांघायला शिकली, हेही खरं. पण उस्ताद मात्र देखाव्याच्या जुन्या भट्टीत, तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांना थुंकून दाखवत राहिले. बावीस वर्षं. आता तीही बंद झाली, म्हणून हा निरोप. मला लाज वाटते.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या भट्टीची माफी मात्र सभेने देऊ नये. मला माफ करायचं की माझ्या तोंडावर थुंकायचं, ते उस्तादांनी ठरवावं. त्यांची थुंकी कधीच चुकलेली नाही.