शिक्क्याच्या जागी अंगठा

ऑस्ट्रेलियातल्या टूवुम्बाच्या ग्राहक न्यायालयाबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर दोघं बसली होती. बुटांवर अजून रानातली लाल माती. गुरं पाळणारी डेस्ली आणि तिचा शेजारी कोल.

“तुझ्या गाडीचं इंजिन बसलं, तर कंपनीवाले वॉरंटी का नाकारतात गं?”

“सर्व्हिसच्या वहीत त्यांचा शिक्का नाही म्हणून. त्यांचं वर्कशॉप चारशे किलोमीटरवर! तेल मीच बदलते.”

“मग शिक्क्याच्या चौकटीत हे काळं काय?”

“माझा अंगठा. दर दहा हजार किलोमीटरला, तेल बदललं की हात पुसायच्या आधी.”

“अगं, लोक पेनानं सही करतात!”

“पेन घरात असतं, कोल. मी गाडीखाली असते.”

तेवढ्यात कंपनीचा माणूस कागद घेऊन आला.

“बाई, मेहेरबानी म्हणून नवं इंजिन देतो. फक्त ‘बिघाड माझ्या हातून झाला’ याखाली सही करा.”

“साहेब, चाळीस वर्षं या हातानं इंजिनं जपली. त्याच हातानं त्याचीच बदनामी लिहू? चला, न्यायाधीशांसमोरच बोलू.”

“डेस्ली, हरलीस तर घरी कशी जाशील?”

“तुझ्या खटाऱ्यातून. त्याचा फॅनबेल्ट सकाळपासून किंचाळतोय. आधी तो बदलीन, मग बसेन.”