डावीकडची हिरवळ

— अहो, बसा हो ड्रायव्हरसाहेब, मशीन कुठे पळून जातंय? चहा तरी संपवा. मी उठणारच आहे, हिरवळीवर स्टूल टाकून बसलोय म्हणजे काही धरणं धरलेलं नाही. माळी आहे मी इथला, जुना. कुठून खणायला घेणार? डावीकडून? उजवीकडून नाही का चालणार? — नाही, सहज विचारलं.

तुम्हाला काय सांगितलंय, माती बिघडलीय, चेंडू डगमगतो? अहो, गोल्फ खेळणाऱ्याचा हात डगमगला तरी दोष मातीचाच — तिला तोंड नाही ना, म्हणून क्लबच्या सभासदांचा तिच्यावर फार जीव. ही माती आम्ही दोघांनी केलीय, मी आणि आमची ही. चाळलेली वाळू, कुजलेल्या पाल्याचं खत, थोडी माती, सगळं एकजीव करून पसरायचं आणि मग तुडवायचं — टाचेला टाच लावून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रोलर काय, वरवर थापटतो. आतली पोकळी टाचेलाच लागते. हसताय? सगळेच हसायचे. ‘बदकांची जोडी कुठे निघाली?’ म्हणायचे, आणि ही म्हणायची, ‘माहेरी! हे पोचवायला येतायत. या चालीनं पोचेपर्यंत म्हातारी होईन!’ — म्हातारी कसली होतेय.

उजवी बाजू माझी, डावी तिची. गवत धरलं, पाणी मुरलं, माती बसली, आणि डावीकडे, टाच कच्ची पडली होती तिथे, खळगे दिसायला लागले. बशीएवढेच, उन्हं कलल्यावरच दिसायचे — ओळीनं, एक पाऊल सोडून एक. मी म्हटलं, ‘काय बाईसाहेब, एकच पाय कामावर होता? दुसरा रजेवर?’ तर म्हणाली, ‘डावा जरा कंटाळतो हल्ली.’ हसलो की आम्ही दोघं. खूप हसलो. डॉक्टरांना कळेपर्यंत अख्खा हिवाळा गेला, तोवर डावा हातही कंटाळला होता, मग जीभ — आणि हिची जीभ, म्हणजे बघा! मातीला मात्र सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

खळगे भरायचो ना, दरवर्षी भरायचो, वाळू टाकून, दाताळं फिरवून. पाणी बसलं की पुन्हा उमटायचे. मला वाईट वाटायला हवं होतं, माळी ना मी! घरी तिचे फोटो आहेत — सगळ्यांत आपली खुर्चीवर बसलेली, ताठ, परक्या बाईसारखी. चालताना ती फक्त इथेच दिसते.

क्लबच्या साहेबांना म्हटलं, बाकीचं खणा, तेवढी ओळ ठेवा. म्हणाले, हिरवळ अशी तुकड्यांत होत नसते. खरंच आहे ते. कारण विचारलं त्यांनी. काय सांगणार, बायकोचे पाय आहेत म्हणून? म्हटलं, तिथलं गवत चांगलं आहे.

आणि नवी माती तुडवणार कोण? — यंत्र. हं. सगळीकडे सारखी बसेल मग.

नाही, हात नको, उठतो मी. आणि ऐका, डावीकडूनच घ्या. उजवीकडून घेतलंत तर ती ओळ बघत मी संध्याकाळपर्यंत बसून राहीन इथे. कप राहू द्या, मी विसळतो. जा, चढा मशीनवर.