साक्षीचा ओक

आदरणीय अध्यक्ष रेव्हरंड स्टॉडर्ड, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त संसद सदस्य लेम्युएल हॅस्केट साहेब आणि गावातील बंधुभगिनींनो,

माझे वडील, भूमापक जोएल व्हिटकम, यांची वाचा गेली आहे. म्हणून त्यांच्या नकाशांची आकडेमोड करणारी मी, थँकफुल, बोलते. आधी घडलेलं, क्रमाने.

एक. १८५० साली, गुलामगिरीच्या वादात देश फुटू नये म्हणून संसदेत तडजोड झाली. पळालेले गुलाम धरून परत देण्याचा कायदा त्यातलाच. साहेबांनी बाजूने मत दिलं.

दोन. सोमवारी आमचा साखळीवाला, म्हणजे मोजणीची साखळी घेऊन शेतं तुडवणारा एफ्राइम डेसी, याला मोजणी चालू असताना धरून नेलं. गुलामगिरी चालते त्या केंटकी राज्यातला एक मालक म्हणतो, हा माझा गुलाम, १८४६ साली पळालेला.

तीन. शुक्रवारी आयुक्तांपुढे सुनावणी. या कायद्याने एफ्राइमला स्वतःची साक्ष देता येत नाही.

साहेबांच्या सलोख्याचं आज पुष्कळ कौतुक झालं. कुंपणाचं भांडण असो की चर्चमधल्या बाकाचं, साहेब म्हणणार, "अर्ध्यावर मिटवा." मंगळवारी मी एफ्राइमसाठी त्यांच्याकडे गेले तेव्हाही म्हणाले, "पोरी, त्याला गुपचूप जाऊ दे. तिकडचं कोर्ट बघेल. दोघांनी थोडं थोडं सोडावं."

"एफ्राइमने काय सोडायचं, साहेब?"

त्यांनी कॉफी मागवली.

तुरुंगात एफ्राइमला हे सांगितलं, तर तो हसला. "अर्धाच पाठवणार? मग थँकफुलबाई, पाय तेवढे इथे ठेवून घ्या. तुमच्या साखळीला तेच लागतात."

पण साहेब नेहमी अर्ध्यावर मिटवतात का? १८४३ साली त्यांचा शेजारच्या क्रूम यांच्याशी बांधाचा वाद झाला. क्रूम अर्ध्यावर तयार होते. साहेब म्हणाले, "मोजा! माझी जमीन मी का सोडू?" जुन्या मोजणीत शेताचा कोपरा कळावा म्हणून एका ओकवर घाव घातलेला होता. अशा झाडाला आम्ही साक्षीचं झाड म्हणतो. काटेरी जाळीत शिरून ते एफ्राइमने शोधलं. साहेबांना पूर्ण शेत मिळालं. त्यांनी तिथेच त्याचा हात हातात घेतला.

म्हणजे केंटकीतला तो गुलाम पळाला, त्याच्या निदान तीन वर्षं आधीपासून एफ्राइम इथे आहे. क्रूम वारले. वडिलांना बोलता येत नाही. मी तेव्हा लहान. माझी साक्ष आयुक्त मानत नाहीत. ओक बोलत नाही. साहेब बोलतात, आणि किती छान बोलतात ते आपण आत्ताच ऐकलं.

देश एक राहावा, असं मलाही वाटतं. पण त्यासाठी माणूस द्यावा लागत असेल, तर ती मोजणी चूक आहे. मी तिच्यावर सही करणार नाही. उद्या या कायद्याखाली माणसं धरायला सरकारच्या मार्शलने गावाला हाक दिली, तर मी जाणार नाही. खुशाल दंड करा.

आयोजकांनी बोलू दिलं, आभारी आहे. मांडणीत काही उणं राहिलं असेल तर क्षमा असावी. मजकुराबद्दल मी क्षमा मागत नाही. साहेब, शुक्रवारी साक्षीला येणार की नाही, ते गुरुवारी दुपारपर्यंत कळवावं.