तिसरी चूक

चहा येईस्तोवर ऐका. कुपवाडच्या आमच्या ऑफिसनं हॅस्केल या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तासगावात एका कोल्ड स्टोरेजला बेदाण्याच्या वजनासाठी चालतो. त्याच्या तपासणीला दोन ओपन सोर्स टेस्टिंग फ्रेमवर्कांतलं, म्हणजे चुका धरणाऱ्या फुकटच्या साधनांतलं, एक निवडायचं होतं. म्हणून मी प्रोग्रॅमच्या कॉपीत मुद्दाम दोन चुका पेरल्या.

पहिल्यानं आम्ही दिलेल्या उदाहरणांवरून दोन्ही धरल्या. दुसरं स्वतःच वाटेल ते आकडे घालून बघतं. त्यानं तीन धरल्या.

"ही तिसरी कुणाची रं?" मी विचारलं.

चूक मूळ प्रोग्रॅममधलीच होती, आणि तो शेजारी बसलेल्या संभानं लिहिलेला. रिकामी पेटी तोलली की वजन उणे येत होतं, आणि तेच तासगावात चालू होतं.

तेवढ्यात साहेब आले. "मग, कुठलं घ्यायचं?"

संभा म्हणाला, "पहिलंच घ्या सायेब. दुसरं लय चोंबडं हाय."